पीलूच्या झाडाचं पाखरू

माझ्या टपालाच्या वाटेवर पाच गावं आहेत. पाचोऱ्याहून पिशवी सकाळी दहाच्या सुमारास येते. मग शिक्के, छाटणी, सह्या, आणि अकराच्या आत मी स्कूटीवर. एटीएमची कार्डं, आधारची पाकिटं, विम्याचे कागद, कोर्टाच्या नोटिसा, मोबाइलच्या कव्हरांची पार्सलं. हाताने लिहिलेलं पत्र आता वर्षातून एखादंच येतं. ते आलं की मी सगळ्यात आधी तेच पोचवते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गावाच्या मधे एक नाला आहे. त्याला सगळे खारा नाला म्हणतात. पाणी आटलं की काठावर मिठासारखी पांढरी खपली धरते. तिथे कापूस येत नाही, बाभूळसुद्धा खुरटी राहते. फक्त पीलूची पाच झाडं होती. वाकडी खोडं, जमिनीला टेकलेल्या फांद्या, जाडसर पानं. पान चावलं की मोहरीसारखं तिखट लागतं. त्या सबंध रस्त्यावर दुसरी सावली नव्हती, म्हणून मी तिथे डबा खायला थांबायचे.

दसरा उलटून गेला होता, ऊन चांगलंच तापलं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि समोरच्या फांदीवर एक फुलपाखरू येऊन बसलं. पंख मिटलेले होते तेव्हा ते पिवळट हिरवं, पानातच मिसळून गेलेलं. उघडले तेव्हा मी चावायची थांबले. पपईच्या गरात थोडं दूध घातलं तर जसा रंग होईल तसा तो रंग होता, आणि कडेला काळी पट्टी, पट्टीत ठिपके. एक उडालं तसं दुसरं दिसलं, मग तिसरं. तीनही त्या झाडांभोवतीच फिरत होती. रस्त्याच्या पलीकडे घाणेरी फुललेली होती, तिकडे एक गेलं, दोन फुलांवर बसलं, आणि परत आलं.

बारावी सायन्सला जीवशास्त्र हा माझा आवडता विषय होता. पुढे बीएस्सी करायचं ठरलं होतं. माझे वडील चाळीसगावला रेल्वेत गँगमन होते, त्यांची तयारी होती, पण त्यांच्या तब्येतीने साथ दिली नाही आणि माझं लग्न लवकर उरकलं. टपालाची नोकरी नंतर लागली. हे दुःख म्हणून सांगत नाही. इतकंच सांगते की त्या दिवशी डबा बंद करताना कितीतरी वर्षांनी मला एक प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर कुणाला विचारण्याआधी मला स्वतः शोधायचं होतं.

त्या नाल्यावर एक म्हातारा बकऱ्या चारायला येतो. सगळे त्याला आबा म्हणतात, मीही म्हणते. चार-पाच दिवस मी झाडाखाली मान वर करून उभी राहते हे त्याने पाहिलं आणि काठी टेकत जवळ आला.

"काय देखी ऱ्हायनी वं पोरी?"

मी पाखरू दाखवलं. त्याने डोळे बारीक केले.

"ते? ते ह्या झाडनंच शे. मी ल्हाना व्हतू तैनपासून देखस. दुसरीकडे जास नही."

"दुसरीकडे का नाही जात आबा?"

"तू तुन्हं घर सोडीसन कोठे जास?" म्हणाला आणि बकऱ्यांमागे गेला.

मी ऐकून घेतलं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. टपालाच्या जुन्या डायरीत रोज लिहू लागले. आज चार दिसली. आज ढग, एकही नाही. आज एक पुलापर्यंत गेलं, परत आलं. पाचही गावांत मी शोधलं. शाळेच्या बागेत, बांधावरच्या घाणेरीवर, केळीच्या मळ्यांच्या कडेला. पांढरी, पिवळी, तपकिरी, रुईवर येणारी मोठी नारिंगी, सगळी दिसली. पपईच्या रंगाचं एकही नाही. पूर्ण वर्ष गेलं आणि डायरीत एका जागेशिवाय दुसरी जागा आली नाही.

मग माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. हे पाखरू जगात फक्त इथेच असेल तर? फोनवर मी वाचलं होतं की काही फुलपाखरं एखाद्या डोंगररांगेतच सापडतात, बाहेर कुठेच नाही. मग खाऱ्या नाल्याचं एक का नसावं? मी त्याला नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. कोणतं ते आता सांगणार नाही.

त्याच सुमारास एका कोवळ्या पानाच्या मागे मला अंडी सापडली. एकाला एक लागून, राळ्याच्या दाण्यांहून बारीक. मी ती डहाळी तोडून घरी आणली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली आणि तोंडाला ओढणीचा तुकडा बांधला. माझ्या सासूला गल्लीत सगळे अक्का म्हणतात, घरात आम्हीही अक्काच म्हणतो. अक्का पहूरच्या, बोलायला सडेतोड.

"बरणीत काय आहे?"

"अंडी आहेत. फुलपाखराची. पीलूवरची."

"कोणाचं पिल्लू?"

"पिल्लू नाही अक्का, पीलू. झाड."

"अळ्या होतील यातून. कपाशीवरच्या अळ्या आयुष्यभर वेचल्या मी. आता घरात पाळायच्या?"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळ्या निघाल्या. हिरव्या, दोऱ्याएवढ्या. एकमेकींना चिकटून पानाची कड कुरतडत होत्या. पुढे दोन दिवस सुट्टी आली, डहाळी वाळली, आणि मी आळस केला. नाल्यापर्यंत जायचं सोडून दारातल्या बोरीचा पाला घातला, थोडा कडुनिंबाचाही. त्यांनी त्याला तोंड लावलं नाही. सोमवारी मी बरणी उघडली तेव्हा सगळ्या तळाशी पडलेल्या होत्या.

अक्कांनी बरणी धुऊन पालथी घातली. मला फार वाईट वाटलं. एका दुपारच्या झोपेसाठी मी त्यांना मारलं होतं. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पीलूशिवाय हे लेकरू दुसरं काही खात नाही, उपाशी मरतं पण खात नाही. पुढच्या खेपेला मी रोज ताजी डहाळी आणली, पावसात, अंगात ताप असतानाही. त्यातल्या सात अळ्यांचे कोष झाले. पहिलं फुलपाखरू निघालं तेव्हा मी टपालावर होते. अक्कांचा फोन आला.

"तुझी अळी फुटली. रंगीत आहे. ओढणी सोडू का?"

"नका सोडू अक्का, मी येते."

"अगं तडफडतंय ते. मी सोडते."

त्यांनी सोडलं. मी संध्याकाळी भांडले नाही, कारण अक्का गल्लीतल्या तीन बायकांना त्याची उडी कशी होती ते हाताने करून दाखवत होत्या.

माझ्या नणंदेची मुलगी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकते. तिच्याकडून तिथल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमचा वेळ मागून घेतला. शनिवारी रजा टाकली आणि पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले, मांडीवर बरणी, तिच्यात दोन फुलपाखरं आणि एक कोष. कंडक्टर म्हणाला, "लोणचं का ताई?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर सगळी बस जमा झाली असती.

मॅडम साठीच्या जवळ आलेल्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी बरणी खिडकीपाशी नेली, एकदाच बघितली आणि म्हणाल्या, "छान. हे आपल्या कोरड्या पट्ट्यातलं फुलपाखरू आहे. इंग्रजीत याच्या घराण्याला अरब म्हणतात. गुजरातेत आहे, राजस्थानात आहे, खाली दक्षिणेतही आहे. पीलू असेल तिथे असतं."

"म्हणजे नवीन नाही?"

"नाही हो. फार जुनं आहे. पुस्तकात आहे." त्यांनी कपाटातून पुस्तक काढून पान उघडलं. तेच होतं. तीच काळी पट्टी, तेच ठिपके.

मी खुर्चीत बसून राहिले. माझी वर्षभराची डायरी मी बरोबर नेली होती, ती पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती. आता काढायची लाज वाटली. मॅडमना ते कळलं असावं. त्यांनी विचारलं, "पिशवीत काय आहे?"

मी डायरी दिली. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. मला वाटलं दोन पानं चाळतील. त्या वाचतच राहिल्या. शिपाई चहा ठेवून गेला, तो गार झाला.

"तुम्ही पाचही गावांत शोधलंत?"

"हो."

"आणि फक्त या पाच झाडांवर?"

"हो."

"पुढची पीलूची झाडं तिथून किती लांब आहेत?"

"माहीत नाही."

"मग ते शोधा. हे पाखरू जगात एकटं नाही, पण तुमच्याकडे कदाचित एकटंच उरलं असेल. पुढचं झाड जवळ असेल तर काळजी नाही. लांब असेल, तर ही पाच झाडं गेली की ते उडून कुठे जाईल असं समजू नका. मधे त्याच्यासाठी काहीच नसेल. ते तिथेच संपेल."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच. आपल्या नावाने काहीतरी व्हावं म्हणून मी हे सगळं करत होते का? तसं असेल तर आता सोडून द्यायला हवं होतं. पण अमळनेरचा फाटा मागे पडला तेव्हा मी कुठल्या गावात आधी विचारायचं याचीच यादी करत होते.

टपालवाल्यांना ठाऊक नाही अशी वाट तालुक्यात नसते. आमचा फोनवर एक गट आहे, त्यावर एरवी सुट्ट्यांच्या आणि नेटवर्कच्या तक्रारी चालतात. मी पानाचा, खोडाचा, फळाचा फोटो टाकला आणि लिहिलं, असं झाड कुणाच्या वाटेवर आहे का. पहिले दोन दिवस थट्टा झाली. मग फोटो यायला लागले. कुणी करंज पाठवला, कुणी हिवर, एकाने स्वतःच्या दारातली जास्वंद पाठवली. जिथे थोडाही संशय आला तिथे मी रविवारी जाऊन आले. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, त्याला रविवारची सुट्टी असते. तो गाडी चालवायचा आणि म्हणायचा, "लोक देवदर्शनाला जातात, आपण झाडदर्शनाला." शेवटी चाळीसगावकडच्या एका डाकसेवकाने पाठवलेला फोटो खरा निघाला. गिरणेच्या काठी, आमच्या नाल्यापासून स्कूटीने दीड तास, दोन झाडं. मी तिथे तीन वेगवेगळ्या महिन्यांत गेले, प्रत्येक वेळी दुपारभर बसले. तिथे पाखरू नव्हतं.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग आता तुम्हाला कळलं तुमच्याकडे काय आहे ते."

ते कळून सहा महिने झाले नसतील तेव्हा खाऱ्या नाल्याच्या खोलीकरणाचं काम मंजूर झालं.

इथे एक गोष्ट नीट सांगते. खोलीकरण वाईट नव्हतं. दुसऱ्या गावाच्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात, बायका हंडे घेऊन टँकरच्या मागे पळतात, हे मी रोज बघते. नाला खोल झाला, पाणी मुरलं तर त्या गावाचं भलं होणार होतं. पण खुंट्या ठोकल्या होत्या त्या पीलूच्या काठाने. पाचही झाडं त्या रेषेत होती. मला काम थांबवायचं नव्हतं, रेषा सरकवायची होती.

दुसऱ्या गावच्या ग्रामसभेत मी बोलायला उठले. मी त्या गावची नाही, आमची वस्ती पहिल्या गावाच्या कडेला, बुद्धविहाराजवळ. पण टपालवाली म्हणून सगळे ओळखतात. मी झाडांबद्दल सांगितलं, पाखराबद्दल सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "टपाल वाटा बाई." हशा झाला. सरपंच एक तरुण बाई आहेत, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्या हसल्या नाहीत. पण म्हणाल्या, "ताई, इथे माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही फुलपाखराचं घेऊन बसल्या."

"पाणी हवंच," मी म्हटलं. "मी नाला खोदू नका म्हणत नाही. पलीकडच्या काठाने दहा फूट सरकवा म्हणते. पाणी तेवढंच मुरेल."

"पलीकडे शेठचा बांध आहे. तो दहा फूट देईल का?"

"मी विचारते."

पुन्हा हसू आलं लोकांना. शेठचं घराणं दोन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं. बाजारात त्यांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे आणि नाल्यापलीकडे शेत. एक वीतभर बांध सरकला म्हणून त्यांनी शेजाऱ्याशी अनेक वर्षं बोलणं सोडलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत.

पहिल्या दिवशी शेठ म्हणाले, "नंतर या." दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, "जमीन काय पाकिटात घालून द्यायची वस्तू आहे का?" मी रोज जात राहिले. त्यांच्याकडे रोज काही ना काही टपाल असायचंच. पाकीट हातात देताना मी एकच वाक्य बोलायचे, "शेठजी, झाडांचं बघा." आणि निघायचे.

आठव्या की नवव्या दिवशी मी बरोबर फळं नेली. फाल्गुन होता, पीलू लगडलेली होती. बारीक, लालसर, अर्धपारदर्शक फळं. कागदाच्या पुडीत भरून मी काउंटरवर ठेवली.

शेठनी पुडी उघडली आणि थांबले. एक फळ उचललं, तोंडात टाकलं. "ये तो पीलू है," ते म्हणाले. मग मराठीत आले. "ही फळं कुठे मिळाली तुम्हाला?"

"तुमच्या बांधासमोर. तीच झाडं तोडणार आहेत."

"ती? ती तर मी बाभळी समजत होतो." ते जरा खजील झाले. "कधी खाली उतरून बघितलंच नाही. आमच्या गावाकडे झाडाला जाळ म्हणतात, फळाला पीलू. लहानपणी आजोळी जायचो तेव्हा मामी गळ्यात मडकं बांधून झाडावर चढायची. एकेक खायचं नाही म्हणायची, जीभ सोलते. मूठभर एकदम तोंडात टाकायची." त्यांनी तसं केलं. खरंच मूठभर टाकली आणि डोळे मिटले.

मला वाटलं झालं काम. पण शेठ व्यापारी माणूस. डोळे उघडून म्हणाले, "दहा फूट नाही. सहा देईन. आणि माझा बांध दगडाने पक्का करून मिळाला पाहिजे."

सरपंचबाईंना मी लगेच दुकानातूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दगड नाल्यातूनच निघणार आहेत. चालेल. मी साहेबांशी बोलून नवी आखणी करून घेते. सोमवारी."

सोमवारी आखणी व्हायची होती. जेसीबी शनिवारीच आला.

मी दुसऱ्या गावातून निघाले तेव्हा लांबूनच धूळ दिसली. पोचले तोवर दोन झाडं आडवी झाली होती. मुळं वर, त्यांना ओली माती लागलेली, आणि फांद्यांवर अजून फळं. बकऱ्यांचा आबा बाजूला उभा होता. मला बघून ओरडला, "बठ्ठा झाडं तोडी टाकतीन वं हाई! मी सांगं त्याले, तो ऐकस नही!"

मी स्कूटी तिसऱ्या झाडाला लावली, पिशवी खांद्यावरून काढली नाही, आणि खोडाला पाठ लावून खाली बसले. मला धीट वगैरे वाटत नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून बसले.

जेसीबीवाला खाली उतरला. बिहारकडचा होता, पण मराठी शिकलेला. आवाज चढवला नाही त्याने. "ताई, बाजूला व्हा. मला काम आहे."

"मलापण काम आहे. पिशवीत टपाल आहे, वाटायचं आहे. पण मी उठणार नाही. तू सरपंचांना फोन लाव."

"मला ठेकेदाराने सांगितलं, या काठाने घे."

"आखणी बदलली आहे. सोमवारी नव्या खुंट्या ठोकणार आहेत."

"मला कुणी सांगितलं नाही ताई." तो खरं बोलत होता. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्यावर काय रागावणार? त्याने मशीन बंद केलं आणि फोन लावला. ठेकेदार उचलेना. सरपंचबाई तालुक्याला मीटिंगमध्ये होत्या, त्यांचाही फोन लागेना.

पिशवीत त्या दिवशी चौथ्या गावातल्या एका मुलीचं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं. ते मला टोचत होतं. बारा वर्षांत मी टपाल पोचवायला उशीर केला नव्हता. मी तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं की पत्र माझ्याकडे आहे, पण मी नाल्यावर अडकले आहे. अर्ध्या तासाने बाप-लेक दोघं मोटारसायकलवर हजर झाली. मुलीने सही करून पत्र घेतलं, फोडलं, वाचलं. ओठ दाबून हसली. मग वडिलांना म्हणाली, "तुम्ही पुढे जा, मी थांबते," आणि माझ्या शेजारी मातीत बसली.

पुढच्या दोन तासांत आणखी लोक आले. कुणी माझ्या बाजूचे, कुणी तमाशा बघायला, दोघं-तिघं माझ्यावर चिडलेले. एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्यामुळे काम अडलं तर आम्ही काय तुमचं पाखरू पिऊ?" मी तिला म्हटलं, "मावशी, काम अडणार नाही. पलीकडून सुरू होईल. नाही झालं तर मी स्वतः उठेन, माझा शब्द." ती गेली नाही, हंडा खाली ठेवून तिथेच बसली. तिचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. चुकीचा नव्हता.

चारच्या पुढे शेठ आले. ते शेतावर पायी आलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी आडव्या पडलेल्या दोन झाडांकडे बघितलं, सरळ पलीकडे गेले आणि स्वतःच्या बांधाच्या आत पावलं मोजून चुन्याची रेघ ओढायला गड्याला सांगितलं. मग जेसीबीवाल्याला हाक मारली, "इधर से ले. मेरी जमीन है, मैं बोल रहा हूँ." तेवढ्यात सरपंचबाईंचा फोन लागला. त्यांनीही तेच सांगितलं.

मशीन पलीकडे गेलं. मी उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. उरलेलं टपाल मी दिवे लागेपर्यंत वाटत होते. प्रत्येक दारात उशिराबद्दल माफी मागितली.

तीन झाडं वाचली. पावसाळ्यात नाला भरला आणि दुसऱ्या गावाच्या विहिरींना पुढच्या एप्रिलपर्यंत पाणी राहिलं. हे मी मुद्दाम सांगते. पण पाखरं कमी झाली. माझ्या डायरीत चारच्या जागी दोन येऊ लागली, मग एक, मग कितीतरी दिवस नुसतं "नाही". दोन झाडांबरोबर त्यांच्यावरची अंडी आणि अळ्यासुद्धा गेल्या असणार. मॅडम एकदा धुळ्याहून येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "तीन झाडं फार थोडी आहेत. झाडं वाढवा."

पीलूचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, हे मला दोन खेपा वाया घालवल्यावर कळलं. पहिल्या वर्षी सुकवून ठेवलेलं बी उगवलंच नाही. दुसऱ्या वर्षी उगवलं ते अक्कांनी तण समजून उपटलं. तिसऱ्या वर्षी मी अक्कांनाच सांगितलं, रोपं तुम्ही सांभाळा. तेव्हापासून एकही मेलं नाही. दुधाच्या पिशव्यांमध्ये ओळीने रोपं, आणि शेजाऱ्यांची कोंबडी जवळ आली की अक्कांची चप्पल. तयार झालेली रोपं मी टपालाबरोबर नेली. पहिल्या गावाच्या स्मशानाकडेला चार, शेठच्या नव्या दगडी बांधावर सहा, तिसऱ्या गावाच्या शाळेत कुंपणालगत पाच, आणि नाल्यावर उरलेल्या तिघांच्या शेजारी जितकी मावतील तितकी. नाल्यावरची आबाच्या बकऱ्यांनी खाल्ली. मी त्याच्याशी भांडले. त्याने पुढच्या खेपेला स्वतः बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

खाऱ्या जमिनीत पीलू हळूहळू वाढते. दोन वर्षं ती रोपं माझ्या गुडघ्याच्या वर गेली नाहीत. लोक विचारायचे, "टपालवाल्या ताई, तुमच्या झाडाला पाखरू बसलं का?" मी म्हणायचे, बसेल. मनात म्हणायचे, नाही बसलं तरी पुढच्या फाल्गुनात पुन्हा बी गोळा करायचं आहे.

गेल्या वर्षी, पोळा होऊन थोडे दिवस झाले होते, तिसऱ्या गावाच्या शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. ते फार शिस्तीचे आहेत, शाळेचं अंगण आरशासारखं ठेवतात. आवाजात तक्रार होती.

"ताई, तुमच्या त्या झाडांना कीड लागली. हिरव्या अळ्या. गुच्छच्या गुच्छ. शेंड्याची सगळी पानं खाल्ली. काळजी करू नका, मी फवारणीवाल्याला बोलावलंय. तो पंप भरतोय."

मी तेव्हा पहिल्या गावात एका आजोबांची सही घेत होते. "सर, थांबा," मी म्हटलं. "फवारू नका."

"अहो पण मुलांच्या अंगावर पडतील."

"सर, हात जोडते. पंप खाली ठेवायला सांगा. मी वीस मिनिटांत पोचते."

आजोबांनी सही अर्धीच केली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीची घाईघाईने पुरी केली. मी स्कूटी इतकी जोरात आजवर हाकली नव्हती. शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन कुंपणाशी उभा होता, नळी हातात, आणि हेडमास्तर त्याच्या समोर दोन्ही हात पसरून उभे होते.

"मी थांबवलंय," ते म्हणाले. "आता सांगा, का?"

मी पहिल्या रोपापाशी वाकले. शेंड्याच्या पानांवर त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, माझ्या बरणीतल्यासारख्याच. या इथे मी त्यांना आणलं नव्हतं. त्यांची आई नाल्यापासून स्वतः उडत आली होती.

मी हेडमास्तरांना वर्गातल्या मुलांना बाहेर घेऊन यायला सांगितलं.